हरेलीचा खिळा

१

श्रमवीर नगरातून शिट्ट्यांचा गजर ऐकू आला तेव्हा तारा वानखेडेला आधी कौतुकच वाटलं. सुपेल्याच्या चौकातली गर्दी कापत तिने स्कूटर वस्तीकडे वळवली. शिट्टी वाजली म्हणजे पथक जागं, आणि पथक जागं म्हणजे वस्ती सुखी, असं ती प्रत्येक सभेत सांगत आली होती. सहायक उपनिरीक्षक तारा दुर्गच्या जुन्या मराठी घरातली. आवाज असा, की माइक लागत नसे. आणि हे मोहल्ला पथक म्हणजे तिचं लाडकं लेकरू.

वळणावर पोचली आणि कौतुक तिथंच संपलं.

विजेच्या खांबाला एक माणूस बांधला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, खालचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता, आणि त्याच्या पायांशी दोन दात पडले होते. त्याच्यावर पडणाऱ्या काठ्यांची टोकं पिवळी होती. तो रंग ताराने स्वतः ठाण्याच्या अंगणात उभं राहून लावून घेतला होता.

"थांबा! हात खाली!" ती ओरडली. काठ्या थांबल्या, पण खाली आल्या नाहीत.

"राधाबाईले मारलं यानं," बाबाराव इंगळे धापा टाकत म्हणाले. पथकाचे म्होरके. कारखान्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क, एरवी मुंगीलाही वळसा घालून जाणारे गृहस्थ. आज त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते. "हातोडीनं डोकं फोडलं म्हातारीचं. शेजारच्या गीतानं पाहिलं, राधाबाई आत पडल्या हायत. आता याले सोडायचं नाही, मॅडम."

खांबाला बांधलेला तो बिसाहू लोहार होता. त्या दिवशी हरेली होती. या सणाला छत्तीसगढात दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात, आणि लोहार घरोघर फिरून दाराशी एक लोखंडी खिळा ठोकतो, वाईट वारा आत शिरू नये म्हणून. बदल्यात सूपभर तांदूळ. बिसाहू कित्येक वर्षं या वस्तीला खिळे ठोकत आला होता. त्याच्या झोळीतले तांदूळ आता चिखलात सांडले होते आणि लोक त्यावरूनच चालत होते.

"हातोडी देखिए मैडम," किराणा दुकानवाला ओमप्रकाश साहू म्हणाला. पथकातला दुसरा. लोहाराला चौकात पकडून पहिली आरोळी त्यानेच ठोकली होती. "धो डाली है. एकदम साफ. धोई क्यों?"

ताराने स्कूटरवर मागे बसून आलेल्या शिपायाला, देवेंद्रला, खांबापुढे उभं केलं आणि ती राधाबाईंच्या घरात शिरली.

राधाबाई बोबडे बैठकीच्या खोलीत पालथ्या पडल्या होत्या. डोक्याची मागची बाजू राहिलीच नव्हती. भिंतीवर, दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीवरसुद्धा रक्त उडालं होतं. ताराला एकदम भडभडून आलं. सकाळीच तर या बाईचा फोन आला होता. राधाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्या ओसरीत उभ्या राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं फोनवर बोलत. "त्या कचरा वेचणाऱ्याले कोणी मारलं ते मी पाहिलं होतं गं बाई. मानूस वस्तीतलाच हाय. म्हणून जीभ रेटत नव्हती. तू ये, फोनवर नाही सांगत." मागच्या महिन्यात वस्तीमागच्या नाल्यात एक कचरावेचक काठ्यांनी बडवून मारलेला सापडला होता. मारणाऱ्याचं नाव ऐकायलाच तारा निघाली होती.

स्वयंपाकघरात चहाचं आधण विझल्या गॅसवर गार झालं होतं. ओट्यावर दोन कप होते. आणि दाराची साखळी आतून काढलेली, नीट बाजूला लोंबत होती. कडी तुटली नव्हती, गज वाकले नव्हते.

ती साखळी पाहून तारा तिथेच थांबली. एकट्या बायांनी आणि म्हाताऱ्यांनी खिडकीतून पिवळं जॅकेट दिसल्याशिवाय साखळी काढायची नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता. राधाबाई तर त्या नियमाच्या भक्त. सख्ख्या भाच्याला त्यांनी भर उन्हात फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं, बाबाराव जॅकेट घालून येईपर्यंत. अशी बाई लोहाराला दार उघडून चहा ठेवेल?

वस्तीत ठाण्याच्या शिक्क्याची पिवळी जॅकेटं फक्त तीन होती.

२

बाहेर कोणीतरी रॉकेलचा डबा आणला होता.

ठाण्याची गाडी हरेलीच्या मिरवणुकीत अडकली होती. तारा, देवेंद्र आणि शे-दीडशे माणसं, असा मामला होता. त्या गर्दीतली निम्मी माणसं ताराच्या ओळखीची, तिच्या सभांना येऊन टाळ्या वाजवणारी. तिला त्यांची भीती वाटली, आणि भीती वाटल्याची चीडही आली.

"ऐका!" ती खांबापुढे उभी राहून म्हणाली. "राधाबाईले कोणी मारलं ते अंधार पडायच्या आत मी सांगते. नाही सांगू शकले तर माझी वर्दी घ्या. पन तोवर या मानसाले बोट लावलं, तर पहिली काठी माझ्या अंगावर पडन."

"आनि तुमी त्याले पळवून लावलं तर?" गर्दीतून आवाज आला.

"मॅडमना बोलू द्या ना बाप्पा," सुशील गावंडे पुढे होत म्हणाला. पथकातला तिसरा. हथखोजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मूळचा अमरावतीकडचा, रेल्वेच्या चरोद्यात वाढलेला, दोन वर्षांपूर्वी इथे घर बांधून आलेला. या सगळ्या राड्यात हात न उचललेला तोच एकटा. उलट लोहाराच्या तोंडाला पाण्याचा तांब्या त्यानेच लावला होता. ताराला त्याचा आधार वाटला.

बिसाहूला पथकाच्या पत्र्याच्या चौकीत नेऊन टाकलं. देवेंद्र दारात उभा राहिला. ताराने ओल्या रुमालाने लोहाराचं तोंड पुसलं.

"हातोडी कशाला धुतलीस रे?"

"आज तो औजार धोये के तिहार ए, मैडम," फाटक्या ओठातून शब्द रक्तासकट येत होते. "धो के पूजा करथन, तब हाथ लगाथन."

"राधाबाईकडे गेला होतास?"

"खिड़की ले मना कर दिस. बोलिस, घरवाले का बरस पूरा नहीं हुआ, इस साल तिहार नहीं." त्याने धड राहिलेल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "मैं उसकी चौखट को छुआ तक नहीं. मेरे बच्चों की कसम."

वर्षश्राद्ध झालेलं नाही म्हणजे सण नाही, हे ताराला पटलं. राधाबाईंच्या चौकटीवर कडुलिंबाची डहाळीही नव्हती. खात्री करायला ती पुन्हा त्या घराकडे गेली आणि वाकून दारापाशी पाहू लागली.

दारात खिळा ठोकलेला होता. ताजा, चकचकीत, नुकताच.

३

लोहार खोटं बोलला, असं कोणीही म्हटलं असतं. ताराच्याही ते क्षणभर मनात आलं. पण दोन कप आणि ती साखळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने मोबाइलवर खिळ्याचे फोटो काढले, खिळा दिसणार नाही अशी व्यवस्था केली, आणि पथकातल्या तिघांशी त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन बोलायचं ठरवलं. चौकात माणूस गर्दीसाठी बोलतो, घरात निदान बायकोच्या नजरेला तरी लाजतो.

बाबारावांचं घर जुनं. दाराच्या लाकडी चौकटीत खांद्याच्या उंचीवर बिसाहूचा खिळा होता, वर डहाळी.

"दुपारी कुठं होते बाबाराव?"

"गस्तीवर. आज गर्दी होती म्हणून आमी तिघं तीन गल्ल्यांत वाटून घेतलं होतं. एकटा होतो, साक्षीले कोनी नाही." ते सदऱ्यावरच्या डागांकडे पाहत राहिले. "हे लोहाराचं रक्त हाय. मी मारलं त्याले, नाकबूल करत नाही. राधाबाई मले राखी बांधे, मॅडम. हात थांबलाच नाही."

"नियम काय होता आपला?"

"घेरा, शिट्टी वाजवा, हात लावू नका," बाबाराव पोरासारखं पाठ म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

ओमप्रकाशच्या घरी वेगळीच तऱ्हा. सागवानी चौकटीत खिळा, उंबऱ्यावर तांदळाचं पीठ, आणि मालक घुश्श्यात.

"मुझपे शक कर रहे हो आप?"

"पहिली आरोळी तुमी कावून ठोकली?"

"गीता चिल्लाई कि राधाबाई का सिर किसी ने फोड़ दिया. और सामने से हथौड़ा लिए आदमी आ रहा था. आप क्या करते?" तो एकदम खाली बसला. "कचरेवाले के समय भी मैंने बोला था मैडम, नाले की तरफ गश्त में डंडा मत दो किसी को. डंडा हाथ में आया तो आदमी बदल जाता है. किसी ने सुना? आपने भी नहीं."

ते खरं होतं. 

सुशीलचं घर वस्तीत सगळ्यात नवं. चकचकीत फरशा, दाराला लोखंडी चौकट आणि वर जाळीचं दार. डहाळी जाळीत अडकवलेली होती. तारा चप्पल काढायला वाकली तेव्हा तिला खिळा दिसला. उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्याशी, दोन फरशांमधल्या मातीत तो ठोकलेला होता. ती तशीच वाकलेली राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"या ना मॅडम. मिताली, पानी आन!" सुशीलने हाक मारली.

मितालीने पाणी आणलं. तिच्या मनगटावर जुनी निळी खूण होती आणि ती नवऱ्याकडे न पाहता परत गेली. मोरीत बादली होती. बादलीत पिवळं जॅकेट भिजत होतं.

"चिखलात घसरलो ना," सुशील हसत म्हणाला. "तुमी म्हनता, वर्दीसारखी इज्जत करा जॅकेटची. म्हनून लगेच भिजवलं."

"चांगलं केलं," तारा म्हणाली. तिने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

ती बाहेर पडली तेव्हा चौकीवर दगड पडू लागले होते. पत्र्याचा आवाज सगळ्या वस्तीत घुमत होता, आणि देवेंद्र ओरडत होता, "मॅडम, दार तोडून राहिले हे!"

४

तारा धावत गेली. चौकीचं दार एका बिजागरीवर लटकत होतं, देवेंद्रच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि तरी तो दारात आडवा उभा होता. ताराने पुढच्या माणसाची कॉलर धरून त्याला मागे ढकललं. खांद्यात एक दगड बसला, ती कळ तिने गिळली.

"सापडला खुनी!" ती ओरडली. "चला राधाबाईंच्या घरी. तिथं दाखवते."

गर्दी वळली. राधाबाईंच्या अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत होती. ताराने लोकांना फाटकाबाहेर ठेवलं, देवेंद्रला आत भिंतीशी उभं केलं आणि पथकातल्या तिघांना एकेक करून आत बोलावलं. दारापुढे रोजचाच पसारा होता. एक बादली, उपडं घमेलं, पायपुसण्याचं पोतं, तुळशीची कुंडी.

बाबाराव आधी आले. ताराने त्यांना एवढंच सांगितलं, "दारात लोहाराचा खिळा ठोकलेला हाय. हात नका लावू, फक्त मले दाखवा."

बाबाराव थेट चौकटीकडे गेले. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, टाचा उंचावून वरची पट्टीसुद्धा पाहिली. "कुठं हाय? मले तर दिसून नाही राहिला."

ओमप्रकाशनेही तेच केलं. लाकडावरून नजर फिरवत तो वैतागला. "कील तो है ही नहीं मैडम! मजाक कर रहे हो?"

मग सुशील आला. ताराने तेच शब्द उच्चारले. त्याने चौकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा काय," म्हणत तो वाकला, उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं घमेलं एका हाताने उचललं आणि खालच्या मातीतला खिळा बोटाने दाखवला.

"घमेल्याखाली हाय हे कसं कळलं सुशील?" ताराने हळूच विचारलं. "ते मी मघाशी स्वतः त्याच्यावर पालथं घातलं. गीतानं खिळा पाहिला नाही, बाहेरच्या एकानंही नाही."

सुशील घमेलं हातात धरून तसाच उभा राहिला.

"लोहार लाकडाच्या चौकटीत खिळा ठोकतो," तारा म्हणाली. आता तिचा आवाज भिंतीबाहेर चालला होता. "बाबारावांकडे तसाच, ओमप्रकाशकडे तसाच. लोखंडी चौकटीत खिळा जात नाही, म्हनून फक्त तुझ्याकडे त्यानं मातीत ठोकला, डाव्या कोपऱ्यात. तू चरोद्याच्या क्वार्टरात वाढला, तिथं लोहार फिरत नाही. दोन हरेल्या पाहिल्या तू या वस्तीत, त्याबी आपल्याच दारात. लोहारावर आळ यावा म्हनून इथं खिळा तूच ठोकला, आनि तुले वाटलं, सगळीकडे असाच ठोकतात. हे घर लाकडी चौकटीचं हाय सुशील. आनि या घरी यंदा सनच नव्हता."

"मॅडम, तुमी कायबी..."

"सकाळी राधाबाई ओसरीत उभ्या राहून मले फोनवर ओरडून सांगत होत्या. तू गल्लीत होता. कचरेवाल्याले तू मारलं ते त्यायनं पाहिलं होतं. पन जॅकेट घालून तू दारात आला तेव्हा, बिचारीनं साखळी काढली. तुझ्याबद्दल माहीत असूनबी काढली, कावून की मी सांगितलं होतं, जॅकेट म्हंजे पोलीस. घाबरून चहा ठेवला, परत बैठकीत आल्या, आनि तू मागून वार केला. जॅकेट बादलीत घातलं. ज्यानं मारलं ते हत्यार कुठं ठेवलं?"

उत्तर त्याच्या कंबरेतून आलं. कारखान्यातला जाड लोखंडी पाना. त्याच्या तोंडाशी दोन पांढरे केस चिकटले होते. ताराने डोकं वाचवायला डावा हात वर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला स्पष्ट ऐकू आला. ती गुडघ्यांवर आली. दुसरा घाव तिच्या कानाजवळून जाऊन कुंडीवर पडला. तेवढ्यात देवेंद्रने मागून त्याच्या मानेला विळखा घातला आणि दोघे मातीत लोळले.

"तो चोर होता!" सुशील तोंडात माती जात असताना ओरडत होता. "कचरेवाला चोर होता! तुमीच काठी देल्ली ना आमाले!"

५

आता फाटक टिकणार नव्हतं, आणि टिकलं नाही.

गर्दी आत घुसली तेव्हा तिचा आवाज दुपारच्या आवाजासारखाच होता, शिव्यासुद्धा त्याच होत्या. फक्त माणूस बदलला होता. रॉकेलचा डबा पुन्हा पुढे आला. सगळ्यांत पुढे बाबाराव होते. डोळे लाल, पिवळ्या टोकाची काठी डोक्यावर उचललेली.

तारा उठली. डावा हात कोपरापासून नको त्या बाजूला लोंबत होता. ती सुशीलच्या आणि काठीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्या माणसाला वाचवायची तिला तिळमात्र इच्छा नव्हती. अंगणभर राधाबाईंच्या रक्ताचा वास होता, आणि एक क्षण तिला वाटलं, व्हावं बाजूला.

"सरका मॅडम!" बाबाराव किंचाळले. "यानंच मारलं. आता तर पक्कं हाय ना!"

"दुपारीबी पक्कंच होतं बाबाराव," ती म्हणाली. "लोहाराचे दात पाडताना तुमाले शंका आली होती का?"

काठी वरच राहिली. मग ती हळूहळू खाली आली, आणि बाबाराव त्या काठीवर भार देऊन मटकन मातीत बसले. मागचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. ओमप्रकाशने रॉकेलवाल्याच्या हातातून डबा काढून घेतला आणि नालीत ओतला. ठाण्याची गाडी तेव्हा कुठे वळणावर दिसली.

बिसाहूचा डोळा वाचला नाही. इस्पितळात त्याने ताराला विचारलं, सांडलेले तांदूळ कोणी उचलले का, आणि ताराला त्याच्यासमोर रडू आवरलं नाही. बाबारावांनी स्वतः ठाण्यात येऊन जबाब दिला, "मी मारलं, माझ्यासंगं आनखी कोन होते तेबी सांगतो." ओमप्रकाशही त्यांच्यामागे बाकावर येऊन बसला. तिसरं जॅकेट मितालीने बादलीतून काढलं होतं. ते न धुता, न पिळता तिने पिशवीत घालून आणलं आणि टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, "मी हात नाही लावला त्याले. डाग हाय तसाच हाय."

आठवड्याने तारा गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून श्रमवीर नगरात गेली. गीताचा जबाब अर्धाच राहिला होता. तिने दार वाजवलं. आत हालचाल झाली, खिडकीचा पडदा सरकला, गीताचे डोळे ताराच्या तोंडावर, मग खाकी वर्दीवर, मग प्लास्टरवर फिरले.

साखळी निघाली नाही.

"मॅडम, तुमच्यावर भरोसा नाही असं नाही," गीता आतूनच म्हणाली. "पन आता दार कोनाले उघडाव, ते तुमीच सांगा."

ताराला दोन वर्षांतल्या सगळ्या सभा आठवल्या, टाळ्या आठवल्या. 

"नको उघडू," ती म्हणाली. "मी इथंच बसते."

ती पायरीवर बसली आणि भिंतीला पाठ टेकून प्रश्न विचारू लागली. गीता आतून उत्तरं देत राहिली. मध्येच गीता उठून आत गेली, भांड्यांचा आवाज आला, आणि तिने चहाचा कप बाहेर दिला, खिडकीच्या गजांतून.